गर्दीचा कर्ता

दिवाळीच्या पाडव्याला मोटार घरी आणण्याची चाल आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी हा अर्धा मुहूर्त. पण मोटारी विकणाऱ्यांच्या लेखी तो पूर्णाहूनही पूर्ण. दुकानाच्या दारात झेंडूचे तोरण लागलेले असते, पेढ्यांची पाकिटे तयार असतात. घरची गृहिणी मोटारीला हळदकुंकू वाहते, कपाळपट्टीवर स्वस्तिक काढते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फुटतो, आणि नवी कोरी मोटार लिंबाचा चुरा करीत रस्त्यावर येते. पहिली फेरी देवळाकडे. अर्ध्या वाटेवर, सिग्नल तीनदा हिरवा होऊन तांबडा झाला तरी मोटार जागची हललेली नसते, आणि मग मागच्या आसनावरून, नव्या कातड्याचा वास घेत बसलेले आजोबा म्हणतात, "काय ही गर्दी! साऱ्या गावाला आजच बाहेर पडायचे सुचले!"

या उद्गाराला हसण्यासारखे काही नाही. तो आपण सारेच काढतो. मला कुतूहल आहे ते त्याच्या व्याकरणाचे. शाळेत आपण प्रयोग शिकलो: कर्तरी, कर्मणी, भावे. रहदारीच्या बाबतीत मराठी माणूस कर्तरी प्रयोग कसोशीने टाळतो. "वाटेत गर्दी लागली." "पुलावर कोंडी झाली." "आम्ही तासभर अडकलो." जसा पाऊस लागतो, जशी ठेच लागते, तशी गर्दी लागते. "आज संध्याकाळी सहा वाजता मी दादरला थोडी गर्दी केली," असे वाक्य मी अद्याप कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. आणि तरी दादरच्या त्या गर्दीत असलेला प्रत्येक जण गर्दीच करीत होता; दुसरे काहीच करणे त्याला शक्य नव्हते, कारण मोटार जागेवरच उभी होती.

कर्ता नसलेल्या क्रियेची जबाबदारी कोणावर टाकायची? हा प्रश्न दिसतो व्याकरणाचा, पण आहे नीतीचा. आपली सारी नीती कर्त्यावर उभी आहे. अमुक एकाने चोरी केली, तमुक एकाने खोटी साक्ष दिली. मग दोष, दंड, पश्चात्ताप, प्रायश्चित्त. पण ज्या कृत्यात लाखो कर्ते आहेत, प्रत्येकाचा वाटा तिळाएवढा आहे, कोणाच्याही मनात दुष्टावा नाही, आणि शेवटी रुग्णवाहिका चौकात अडकून पडते, त्या कृत्याला आपल्या नीतिशास्त्रात कोणते कलम लावायचे?

हा तीळ किती मोठा असतो ते पाहू. हिशेब माझा आणि ढोबळ आहे. एका रस्त्यावर हजार मोटारी हळूहळू सरकत आहेत आणि माझ्या मोटारीच्या येण्याने प्रत्येकीला एक सेकंदाचा उशीर होतो, असे धरा. एक सेकंद कोणाला जाणवणार? मलाही नाही, त्यांनाही नाही. पण हजार सेकंद म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटे. मी त्या रस्त्यावर माझी अर्धी घटका घालवली याची मला खंत वाटते, ती मी मोजतो, घरी येऊन सांगतो. मी जी सतरा मिनिटे इतरांच्या खिशांतून काढली त्यांची मात्र कोणाच्याच वहीत नोंद नाही. त्या हजारांत काही बसगाड्या असल्या, आणि एकेका बसमध्ये पन्नास माणसे उभी असली, तर हिशेब आणखी चढतो. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात दोन रस्त्यांचे एक उदाहरण घेतले होते. एक रस्ता चांगला पण अरुंद, दुसरा ओबडधोबड पण प्रशस्त. सगळे चांगल्या रस्त्यावर लोटतात, आणि तो वाईट रस्त्याइतकाच संथ होईपर्यंत लोटतच राहतात. परिणाम असा, की चांगल्या रस्त्याचा चांगुलपणा कोणाच्याच पदरी पडत नाही. त्याची नासाडी करणारा एकही खलपुरुष त्यात नाही.

आपल्या परंपरेला ऋण ही कल्पना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन सर्वांना पाठ असतात. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे. जन्माला येताच माणूस हे देणे घेऊन येतो, त्याने कर्जाचा कागद लिहून दिलेला नसला तरी. अजाणता झालेल्या देण्याची ही कल्पना रहदारीला चपखल बसते. फरक एवढाच, की पितरांचे ऋण फेडण्याचा विधी शास्त्रकारांनी सांगून ठेवला. मागच्या बसमधल्या पन्नास माणसांच्या ऋणाचा विधी अजून कोणी सांगितलेला नाही.

पण थांबा. येथवर येऊन "म्हणून मोटार घेऊ नका" असे म्हणणे फार सोपे आहे, आणि मला ते म्हणवत नाही. मोटार कोण घेतो हेही पाहिले पाहिजे. मुंबईत तीस वर्षे डोंबिवलीहून किंवा विरारहून लोकलने आलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात; काही रूळ ओलांडताना, काही गाडीतून पडून. हा माणूस दाराशी लोंबकळून गेला, एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने डबा धरून गेला, आणि सुखरूप परत आला. त्याच्या बापाने सायकल मारली. आता मुलगा कमावता झाला, हप्त्याने एक लहानशी मोटार घेतली. त्या मोटारीत तो प्रथमच असा प्रवास करतो, की ज्यात त्याच्या अंगाला दुसऱ्याचे अंग लागत नाही. चैन म्हणून याची हेटाळणी करणाऱ्याने एक आठवडा सकाळची आठ-वीसची गाडी धरावी आणि मग बोलावे. रात्रपाळीहून एकटी परतणारी मुलगी आहे, गुडघे गेलेली आई आहे, दम्याचा विकार असलेले मूल आहे. मोटार ही गरज की चैन, हा वाद खुर्चीत बसून करण्याचा नाही. एकाच मोटारीत सकाळी चैन आणि रात्री गरज बसलेली असू शकते.

आणि दुसरी अडचण याहून मोठी आहे. समजा, माझा विवेक जागा झाला. समजा, मी उद्यापासून मोटार घरी ठेवली आणि बसने जाऊ लागलो. मी रिकामी केलेली रस्त्यावरची बारा-पंधरा फूट जागा कोणाच्या उपयोगी पडेल? बसच्या? मुळीच नाही. जो आजवर गर्दीला भिऊन मोटार काढत नव्हता, तो ती काढील. अँथनी डाउन्स या अमेरिकन विद्वानाने १९६२ साली हेच नियमाच्या रूपात मांडले: शहरातला नवा वेगवान रस्ता गर्दीच्या वेळी पुन्हा तुडुंब भरेपर्यंत भरतच जातो. मुंबईला हे सांगायला विद्वानाची गरज नव्हती. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आपण पन्नासांवर उड्डाणपूल बांधायला घेतले. पुलाखाली होती ती गर्दी राहिलीच, आणि वर नवी झाली.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपण सर्वांनी ऐकली आहे. राजाने हुकूम सोडला, गावातले झाडून सारे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले गेले, तरी गाभारा भरला नाही. आणि दुपारी एका म्हातारीने आणलेल्या खुलभर दुधाने तो भरला. रस्त्याचा गाभारा याच्या नेमका उलट वागतो. एखाद्या सज्जनाने त्यातून खुलभर जागा रिकामी करावी, की ती त्याच क्षणी भरून जाते. "माझ्या एकट्याच्या न जाण्याने काय होणार?" ही एरवी आळशी माणसाची सबब असते. येथे ती चक्क सत्य आहे. एकट्याचे पुण्य येथे वायाच जाते, आणि ज्या पुण्याचा कोणालाच उपयोग नाही त्याची सक्ती नीतीने कोणावर करावी, असे मला वाटत नाही.

मग कर्तव्य उरतच नाही काय? उरते, पण ते वेगळ्या जागी असते, आणि या लेखात मला जे काही म्हणायचे आहे ते एवढेच. मोटार सोडण्याचे कर्तव्य मजवर एकट्यावर नाही. पण मोटारीवर सर्वांनाच आवर घालणारा नियम जेव्हा येऊ घातला असतो, आणि तो न्याय्य असतो, तेव्हा त्याच्या आड न येण्याचे कर्तव्य मजवर निश्चित आहे. उपास धरण्याची सक्ती नाही. पण पंगतीत सर्वांना सारखे वाढण्याचे ठरत असताना आपले पान आधीच भरून घेतलेल्याने आरडाओरडा करू नये. हे कर्तव्य दिसायला क्षुल्लक आहे. त्याने कोणाचा पुतळा उभा राहत नाही. पण शहरांचे नशीब घडते आणि बिघडते ते याच ठिकाणी.

तसे नियम जगात कोठे झाले ते थोडक्यात पाहू. सिंगापूरने १९७५ च्या जूनमध्ये शहराच्या मध्यभागाभोवती एक रेघ मारली आणि सकाळच्या वेळी ती ओलांडणाऱ्या मोटारीला दिवसाचे तीन डॉलर लावले. त्यात एक गमतीचे आणि मोठ्या शहाणपणाचे कलम होते. मोटारीत चार माणसे असली तर पैसे नाहीत. म्हणजे कायद्याचा रोष मोटारीवर नव्हताच. तिच्यातल्या रिकाम्या आसनांवर होता. लंडनने २००३ च्या फेब्रुवारीत पाच पौंडांची पट्टी बसवली. न्यूयॉर्कची कथा अधिक बोलकी आहे. तेथील कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम विक्री १९५० नंतरच्या दशकापासून सांगत होते, की गर्दीच्या वेळच्या रस्त्याला मोल लावा. लोकांनी ते विद्वानाचे वेड म्हणून ऐकून घेतले. १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीन दिवसांत ते वारले. त्यांच्या स्वतःच्या शहरात ही गोष्ट अमलात आली ती ५ जानेवारी २०२५ रोजी, नऊ डॉलरांनी.

मला यांत सर्वांत विचार करायला लावते ते स्टॉकहोम. तेथे लोकांना कर नको होता. मग असे ठरले, की आधी सात महिने करून पाहू आणि नंतर मत घेऊ. १९०० चे शतक संपून सहा वर्षे झाली होती. २००६ च्या जानेवारीत कर लागू झाला, आणि शहराच्या वेशीवरून जाणारी वाहने सुमारे एक पंचमांशाने कमी झाली. जुलैअखेर कर बंद झाला. वाहने परत आली. सप्टेंबरात मतदान झाले तेव्हा ज्या शहराला कर नको होता त्याच शहराने, थोड्याच मतांनी का होईना, तो हवा म्हणून सांगितले. आणि २००७ मध्ये तो कायमचा झाला. या सात महिन्यांत स्टॉकहोमची माणसे अधिक सद्गुणी झाली असे मी मानत नाही. पूर्वी जो अनुभव एकट्याला कधीच घेता आला नसता तो सर्वांना एकदम मिळाला, एवढेच घडले. मोकळा रस्ता पाहिल्यावर त्यांना कळले, की आपण देत होतो ते काय आणि मिळत होते ते काय.

आता यावरचा आक्षेप. तो मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे आणि त्यात दुखावलेला स्वाभिमान आहे. कोणी म्हणेल, पैसे लावले की श्रीमंत पैसे फेकून जाईल आणि मघाचा तुमचा डोंबिवलीकर पुन्हा लोकलच्या दाराशी लोंबकळेल. रांग निदान समान असते. कोट्यधीशाची लांबलचक मोटार आणि कारकुनाची लहान मोटार सिग्नलपाशी शेजारी शेजारी उभ्या असतात. हे दृश्य लोकशाहीचे आहे. तुम्ही त्यात दर लावून रस्ता विकायला काढला.

रांगेची समानता मलाही प्रिय आहे. पण ही रांग सर्वांची आहे का, हे पाहायला हवे. तिच्यात मोटार उभी आहे, आणि मोटारीमागे बस उभी आहे. बस रस्त्यावर दोन-तीन मोटारींची जागा घेते आणि पन्नास माणसे नेते. तेवढ्या जागेतल्या मोटारी चार-पाच नेतात. म्हणजे ज्याने गर्दीत सर्वांत कमी भर घातली, तो सर्वांत अधिक खोळंबतो, आणि तेही बहुधा उभ्याने. कारकून आणि कोट्यधीश शेजारी उभे आहेत हे खरे; त्या दोघांच्याही मागे, दिसणार नाही अशा ठिकाणी, भांडी घासायला निघालेली बाई आहे. आजचा रस्ता फुकट नाही. त्याचे मोल वेळेत घेतले जाते, आणि रोजंदारीच्या माणसाचा वेळ म्हणजेच त्याचा पैसा.

बरे, पैसे न लावता सरळ बंदी केली तर? तिचाही अनुभव आहे. मेक्सिको शहराने १९८९ साली आठवड्यातला एक दिवस क्रमांक पाहून मोटार बंद केली. ज्यांना परवडले त्यांनी दुसऱ्या क्रमांकाची दुसरी मोटार घेतली, आणि पुष्कळदा ती जुनी, अधिक धूर ओकणारी होती. श्रीमंताला अडवणारी भिंत अजून कोणत्याच गवंड्याने बांधलेली नाही. त्याला अडवण्यापेक्षा त्याच्याकडून वसूल करणे आणि ते बसमधल्या बाईच्या पदरात टाकणे, एवढेच माणसाच्या हाती आहे.

आणि येथेच सारा न्याय अडलेला आहे. पदरात टाकणे. लंडनने कर लावला त्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बसगाड्या रस्त्यावर आणल्या, आणि कराचे उत्पन्न वाहतुकीवरच खर्चण्याचे बंधन कायद्याने घालून घेतले. हे जेथे होत नाही तेथे मी आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहीन. खुलभर दुधाच्या कहाणीचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. राजाच्या हुकमाने गाभारा का भरला नाही? कारण घरोघरची मुले आणि वासरे त्या दिवशी उपाशी राहिली होती. म्हातारीने आधी घरच्यांना घातले, गाईवासरांना दिले, आणि मग उरलेले खुलभर देवाला नेले. बस, पदपथ आणि लोकलमध्ये उभे राहायला माणुसकीची जागा, हे आधी. मग दर. हा क्रम उलटा करणारे सरकार कितीही आधुनिक यंत्रे बसवो, ते त्या कहाणीतल्या राजासारखेच होईल.

क्रम बरोबर असूनही डोळा फसतो, ही आणखी एक गंमत. दिल्लीने २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद अशा सुमारे सहा किलोमीटरांच्या रस्त्यात बसगाड्यांसाठी मधली पट्टी राखून ठेवली. मोटारीत बसलेल्यांना शेजारची पट्टी बराच वेळ रिकामी दिसे आणि संताप येई: आम्ही येथे घामाघूम, आणि तो रस्ता ओसाड! पण जी पट्टी माणसे झपाट्याने वाहून नेते ती रिकामीच दिसायची. आणि जी तुंबली आहे ती भरलेली, म्हणून कामाची वाटायची. मोटारींना त्या पट्टीत येऊ द्यावे म्हणून दिल्लीच्या उच्च न्यायालयात अर्ज झाला. २०१२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. तरी पट्टी वाचली नाही. तिच्या आखणीत दोष होते, हेही खरे आहे. २०१६ साली ती उखडून टाकण्यात आली. आपल्या डोळ्यांना मोटार मोजता येते. माणूस मोजायला शिकवावे लागते.

चालत्या मोटारीबद्दल इतके बोललो, पण मोटार हा मुख्यतः उभा राहणारा प्राणी आहे. दिवसाच्या चोवीस तासांतले बावीस-तेवीस तास ती उभी असते. तिला उभे राहायला सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. गिरगाव-परळच्या चाळींतून वाढलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. त्यांची खोली साधारण एवढीच होती. त्या खोलीत सात-आठ माणसे जेवली, झोपली, लग्ने झाली, बाळंतपणे झाली. आज तेवढ्याच जागेचे मोल मुंबईत माणसाला मागितले तर त्याला आयुष्यभराचे कर्ज काढावे लागते. मोटारीला मात्र रस्त्याच्या कडेला ती फुकट मिळते, आणि मिळाली नाही तर मालक पालिकेला दोष देतो. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे: मोटार ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला आणा, मग मोटार नावावर होईल. महाराष्ट्रातही असे काही करावे, असा विचार २०२५ साली सरकारकडून बोलून दाखवला गेला. त्यावर प्रतिष्ठित मंडळींच्या बैठकींत जी नाराजी उमटली ती ऐकण्यासारखी होती. आपली वस्तू ठेवायला आपल्याकडे जागा असावी, ही अपेक्षा कपाटाच्या बाबतीत कोणाला जुलमी वाटत नाही. कपाट कोणी पदपथावर ठेवीत नाही.

या शहराने एके काळी याच्या उलट वाटही पाहिली आहे. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची. रस्त्याच्या मधोमध तिचा रूळ असे, आणि ती तेथून हलत नसे. मोटारीने तिला वाट द्यायची, तिने मोटारीला नव्हे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली तेव्हा तिला पाहायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसे उभी होती. ती संथ झाली होती, जुनी झाली होती, हे सारे मान्य. पण तिच्याबरोबर रस्त्याचा मधला भाग कोणाचा हा प्रश्नही गेला, आणि तो पुन्हा विचारण्याचे धाडस आपण क्वचितच केले.

मुंबईच्या वेशीवर पाच टोलनाके होते: दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी ते बसवले होते. त्यांच्यावर लोकांचा राग होता आणि तो निराधार नव्हता. नाक्यावरच्या रांगेनेच कोंडी होई, आणि पुलांचा खर्च केव्हाच निघाला असेल, हा संशय घरोघरी होता. हा टोल गर्दीवर नव्हता. पहाटे चार वाजता जाणाऱ्याला आणि सकाळी नऊला जाणाऱ्याला एकच दर. तेव्हा तो जसाच्या तसा ठेवावा, असे मी म्हटले नसते. पण त्याचे रूप पालटून, गर्दीच्या वेळेला मोल लावून, ती रक्कम बसगाड्यांच्या नावे करता आली असती का, एवढा प्रश्न तरी एखाद्या सभेत विचारला जायला हवा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, हलक्या मोटारींचा टोल माफ झाला. एका खेपेचे पंचेचाळीस रुपये वाचले. कोणत्याही पक्षाने विरोध केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि ज्यांना न्यायाची चाड आहे अशा मोटारवाल्यांनीही केला नाही.

त्याच सुमारास बेस्टच्या बसगाड्या कमी कमी होत चालल्या होत्या. ज्या ताफ्यात एके काळी चार हजारांच्या वर गाड्या होत्या तो तीन हजारांच्या खाली आला होता, आणि थांब्यांवरच्या रांगा लांबत होत्या. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांचे दहा रुपये झाले. दोन्ही निर्णय घेणारे वेगळे, दोन्हींची कारणे वेगळी, आणि मध्ये सात महिन्यांचे अंतर. पहिल्याची बातमी आमच्या इमारतीत संध्याकाळपर्यंत घरोघर पोचली होती आणि वाहने ठेवण्याच्या आवारात दोघे-तिघे तिच्याबद्दल हसून बोलत उभे होते. दुसरी बातमी आम्हांला दोन दिवसांनी कळली. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी, पीठ मळता मळता, महिन्याच्या पगारात वाढ मागितली तेव्हा.